बर्फाबद्दलचा परिच्छेद

फ्लॅश चालू केला की त्यातून एक बारीक आवाज यायचा. डास कानापाशी गुणगुणतो तसा, फक्त हा आवाज वर वर चढत जायचा. शेवटी तो इतका बारीक व्हायचा की बाबांना ऐकू येईनासा व्हायचा आणि मला मात्र येत राहायचा. मग पाठीवरचा छोटा नारिंगी दिवा लागायचा. बाबा विचारायचे, "झाला?" मी म्हणायचे, "झाला." दिवा त्यांनाही दिसायचा, पण विचारायची सवय लागली होती.

भाईंदरला बाजाराच्या गल्लीत आमचा स्टुडिओ होता. एक खोली, मागे रंगवलेला पडदा, त्यावर कारंजं आणि कुठेही न जाणारा जिना. त्याच्याही मागे न्हाणीघर, तीच आमची डार्करूम. बाबा रत्नागिरीकडून मुंबईला आले, मुंबईत टिकले नाहीत आणि इथे उतरले. त्या काळात स्टेशनच्या पलीकडे सगळी मिठागरं होती. पांढरे ढीग, त्यावर नारळाच्या झापांची छपरं आणि खारा वारा. त्या वाऱ्याने आमच्या सगळ्या पत्र्यांना आणि कुलपांना गंज धरायचा.

मला त्यांनी नन्सच्या इंग्रजी शाळेत घातलं होतं. शाळेचे वर्षाचे ग्रुप फोटो तेच काढायचे, त्या ओळखीवर जागा मिळाली. वर्गात मी मराठी मुलगी होते आणि गल्लीत इंग्लिश मुलगी. दोन्हीकडे गप्प बसणं सोपं पडायचं. पुढे कॉलेजात फिजिक्स घेतलं तेव्हाही पहिल्या वर्षी मी प्रयोगशाळेत एकही प्रश्न विचारला नाही. घरी मात्र माझ्या शब्दाला फार वजन होतं. इंग्रजीत आलेला प्रत्येक कागद, विजेच्या बिलापासून औषधाच्या चिठ्ठीपर्यंत, आधी माझ्या हातात यायचा आणि मी सांगेन ते खरं मानलं जायचं. या गोष्टीचं मला सुख होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

फ्लॅश आमच्याकडे आला तो उत्तनच्या एका माणसाकडून. तो बोटीवर नोकरीला होता, इंजिनरूममध्ये. दहा-दहा महिने बाहेर असायचा. त्याच्या लग्नाचे फोटो बाबांनी काढले होते. तेव्हा बाबांकडे बल्बचा फ्लॅश होता. एका फोटोला एक बल्ब जळायचा आणि गरम बल्ब काढताना बोटं भाजायची. ते त्याने पाहिलं होतं. पुढच्या सफरीवरून येताना त्याने जपानी इलेक्ट्रॉनिक फ्लॅश आणला आणि सरळ बाबांच्या टेबलावर ठेवला.

"मास्तर, ह्यो ठेवा. बल्ब नको, काय नको. आपोआप उजेड मोजतो."

"आपोआप म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही बटण दाबा, बाकी त्यो बघून घेतो. सेटिंग ह्या कागदात हाय. वाचायला घरात मॅडम हायतच." तो माझ्याकडे बघून हसला. मी पडद्यामागे गेले.

कागद चार पानी होता आणि त्यात आतल्या सर्किटची एक साधी आकृती होती, चौकोन आणि बाण. मी तो तीन दिवस वाचत होते. आई म्हणाली, "बापलेकीने आता त्या डबीला हळदकुंकू वाहा."

बाबांची पद्धत वेगळी होती. ते पावलं मोजायचे. माणसापासून कॅमेऱ्यापर्यंत सहा पावलं तर लेन्स एवढी उघडी, आठ पावलं तर आणखी मोठी, भिंत पांढरी असेल तर थोडी कमी, काळी साडी असेल तर थोडी जास्त. हे त्यांनी कुठे लिहून ठेवलं नव्हतं. लग्नात स्टेजसमोर ते वर बघत, ओठ हलवत मागे चालायचे तेव्हा मुलं त्यांची नक्कल करायची. मला लाज वाटायची.

मी त्यांना समजावलं ते असं. आत चार पेन्सिल सेल, म्हणजे सहा व्होल्ट. पण उजेड ज्या काचेच्या नळीत होतो तिला तीनशेच्या वर व्होल्ट लागतात. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट चढवून देतो, पण सरळ वाहणारी वीज त्याला चढवता येत नाही, थरथरणारी लागते. म्हणून एक ट्रान्सिस्टर सेलची वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. आपल्याला ऐकू येतो तो या थरथरीचा आवाज. चढलेली वीज एका मोठ्या कपॅसिटरमध्ये साठत जाते. तो पुरेसा भरला की नारिंगी दिवा लागतो. बटण दाबलं की कॅमेऱ्यातले दोन बारीक पत्रे एकमेकांना टेकतात आणि एक छोटीशी कॉइल नळीभोवतीच्या तारेला क्षणभर हजारो व्होल्ट देते. नळीतला वायू एरवी वीज जाऊ देत नाही, पण त्या झटक्याने वाट मोकळी करतो आणि साठवलेलं सगळं त्यातून एकदम निघतं. उजेड पडतो तो त्यामुळे.

"म्हणजे बल्बच. फक्त पुन्हा भरता येणारा," बाबा म्हणाले.

"पण पुढे ऐका ना." पुढच्या बाजूला हरभऱ्याएवढी एक काच होती. तो फ्लॅशचा डोळा. उजेड माणसावर पडून परत येतो तो या डोळ्यात शिरतो आणि जितका जास्त उजेड तितक्या वेगाने आतला एक अगदी छोटा कपॅसिटर भरतो. तो ठरलेल्या खुणेपर्यंत भरला की थायरिस्टर नावाचा भाग नळीची वीज मधेच तोडतो. माणूस जवळ असेल तर उजेड जास्त परत येतो आणि लवकर तुटतो. लांब असेल तर उशिरा. आणि न वापरलेली वीज मोठ्या कपॅसिटरमध्ये तशीच शिल्लक राहते, म्हणून पुढच्या वेळी भरायला वेळ लागत नाही. हे सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागात होतं.

बाबांना हे पटत नव्हतं, म्हणून मी मिठागराचं उदाहरण घेतलं. भरतीला उघाडी, म्हणजे बांधातलं फळीचं दार, वर करून खाडीचं पाणी कोंडीत, म्हणजे मिठाच्या वाफ्यात घेतात. एक माणूस कडेच्या खुंटीकडे बघत उभा राहतो. खुणेला पाणी लागलं की तो ओरडतो आणि उघाडीची फळी खाली पडते. तो माणूस म्हणजे हा डोळा.

बाबा बराच वेळ फ्लॅश हातात फिरवत राहिले. "आणि खुंटीपाशी पाणी आधीच साचलेलं असलं तर? त्याच्या खुणेला लागलं, पण पलीकडची कोंडी कोरडीच राहिली तर?"

"तसं नाही होत, बाबा. जपानी आहे ते."

कागदाच्या चौथ्या पानावर एक परिच्छेद होता. बर्फात किंवा पांढऱ्या वाळूवर, किंवा चौकटीत पुढे एखादी पांढरी चकचकीत वस्तू असेल, तर डोळा फसतो आणि उजेड लवकर तुटतो. अशा वेळी बटण एमवर न्यावं, म्हणजे सगळा उजेड बाहेर पडेल, आणि अंतर मोजून लेन्स लावावी. मी तो बाबांना वाचून दाखवला नाही. लपवायचा नव्हता. 'बर्फात' हा पहिलाच शब्द वाचला आणि मला हसू आलं. भाईंदरला कुठला बर्फ? मासळीवर घालतात तेवढाच. पुढची ओळ वाचलीही असेन, पण ती माझ्या डोक्यात बर्फाच्याच खात्यात गेली. मी म्हटलं, "संपलं. बाकी सेल कसे बदलायचे ते आहे."

एकदा फ्लॅश बंद पडला. खाऱ्या हवेने सेलच्या पट्ट्या हिरव्या झाल्या होत्या. मी स्क्रू काढून उघडला. दोन दिवस बंद होता म्हणून निर्धास्त होते. मोठ्या कपॅसिटरच्या पायांना बोट लागलं आणि कोपरापर्यंत कुणी काठी मारल्यासारखं झालं. स्क्रूड्रायव्हर भिंतीवर जाऊन आपटला. बाबा धावत आले, मला बसवलं, पाणी दिलं. "बंद होता ना?" मी म्हटलं, "बंद होता, पण भरलेला होता." त्यांनी तेवढंच लक्षात ठेवलं आणि नंतर फ्लॅशला हात लावताना नेहमी मला विचारायला लागले. हळूहळू पावलं मोजणंही सुटलं. बारशाला, साखरपुड्याला ते सरळ उभे राहून बटण दाबायचे. फोटो चांगलेच यायचे. मुलं नक्कल करेनाशी झाली.

फ्लॅश देणारा तो माणूस बोटीवर परत गेल्यावर त्याच्या बायकोला मुलगी झाली. ती अधूनमधून बाजाराला आली की बाळाला घेऊन स्टुडिओच्या पायरीवर टेकायची, बसची वाट बघत. चौथ्या-पाचव्या महिन्यात बाबा म्हणाले, "आण की आत, एक फोटो काढतो तिचा. त्याला धाडशील."

"नको, मास्तर. त्याना लिवलंय मी, पयला फोटो तिघांचाच. ते आले का येऊ." ती बाळाच्या तोंडावरची माशी उडवत म्हणाली. "तवर त्याना कळू दे वाट बघणं काय असतं."

मी बाळाकडे नीट पाहिलं होतं का, हे मी स्वतःला नंतर पुष्कळदा विचारलं. सावळी होती, डोक्यावर जावळ होतं. बाकी मला आठवत नाही.

सातव्या महिन्यात ती मुलगी दोन दिवसांच्या तापाने आणि उलट्यांनी गेली. तिचा मोठा काका, म्हणजे बोटीवरच्या माणसाचा थोरला भाऊ, सकाळी सायकलवरून आला. पायरीवर उभा राहूनच बोलला. चारला माती द्यायची होती. मास्तरांनी यायला हवं. "त्याला तार केलीय. पण बोट कंय हाय कोण जाणे. त्यो काय येत न्हाय. त्याने तिला बगितली पण न्हाय, मास्तर. फोटो तरी धाडला पायजे. एवडाच हाय आता."

उत्तनच्या ख्रिस्ती लोकांत ही जुनी रीत होती. पेटी उघडी ठेवून, भोवती घरची माणसं उभी करून फोटो काढायचा आणि परगावी, बोटीवर, आखाती देशात असलेल्यांना पाठवायचा. बाबांनी असे फोटो बरेच काढले होते. मी कधी बरोबर गेले नव्हते. त्या दिवशी बाबा म्हणाले, "तू चल. फ्लॅश तू बघ." मी गेले. वाटेत बसमध्ये मी नवीन सेल घातले आणि दोनदा तपासले.

घर नवीन होतं, लांबट हॉलचं. त्याने बोटीच्या पगारातून बांधलेलं. श्रावणाचं आभाळ होतं आणि खिडक्यांत माणसं उभी असल्यामुळे आत जवळजवळ अंधार होता. दोन मेणबत्त्या जळत होत्या. पेटी एका स्टुलावर बसेल एवढीच. आतून पांढरं सॅटिन, बाळाच्या अंगात पांढरा झगा, डोक्याला पांढऱ्या फुलांची वेणी. एवढ्या पांढऱ्यात तिचा चेहरा छोटा आणि खूप काळा दिसत होता. बाळाची आई उशापाशी बसली होती. ती रडत नव्हती, बाळाच्या झग्याची घडी सारखी करत होती.

बाबांनी बाळाच्या पायांच्या बाजूला स्टँड लावला. ते मागे चालत गेले आणि मी पाहिलं, त्यांचे ओठ हलत होते. पुष्कळ महिन्यांनी ते पावलं मोजत होते.

तेवढ्यात काका पेटीचं झाकण घेऊन आला. पांढरं रंगवलेलं, वर काळा क्रूस, त्याखाली बाळाचं नाव आणि तारखा. तो झाकण उभं धरून कॅमेऱ्याच्या अगदी पुढ्यात, एका बाजूला उभा राहिला.

"हे पण आलं पायजे, मास्तर. नाव वाचता आलं पायजे. न्हायतर त्याला कसं कळेल?"

"जरा मागे घ्या," बाबा म्हणाले.

"मागं घेतलं तर नाव बारीक येल."

कुणीतरी म्हणालं, "फादर थांबलेत." कुणीतरी म्हणालं, "घ्या लवकर, आईला सोसवत नाय." बाबांनी झाकणाकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, मग फ्लॅशच्या बटणावर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं. ऑटो की एम, एवढंच ते विचारत होते. साठ-सत्तर माणसं होती. सगळी माझ्याकडे बघतायत असं मला वाटलं. मी बोलले असते तर दोन शब्द पुरे होते. मी मान हलवली. आहे तसंच राहू द्या.

बाबांनी बटण दाबलं. उजेड पडला. आणि लगेच, आवाज सुरू झाला न झाला तोच, नारिंगी दिवा पुन्हा लागला.

मी हे पाहिलं. त्या हॉलमध्ये त्याचा अर्थ फक्त मला समजू शकत होता. दिवा इतक्या लवकर लागला याचा अर्थ मोठ्या कपॅसिटरमधून जवळजवळ काही गेलंच नव्हतं. उजेड सुरू होताच तुटला होता. पुढ्यातल्या पांढऱ्या झाकणावरून तो क्षणात परत आला आणि डोळ्याला वाटलं, झालं काम. पण त्या वेळी माझ्या मनात काय आलं, तर किती छान, नवीन सेल किती लवकर भरतात. दुसऱ्या फोटोलाही तसंच झालं. दुसऱ्या वेळी तर मी बाबांना हळूच म्हणाले, "बघा, झाला पण."

मग झाकण पेटीवर ठेवलं. ठोकताना आईने एकदाच ओरडून काहीतरी म्हटलं. ते मला कळलं नाही.

संध्याकाळी न्हाणीघरात बाबांनी फिल्म डेव्हलप केली. ओली पट्टी दिव्यासमोर धरली. निगेटिव्हमध्ये पांढरं असतं ते काळं दिसतं. झाकण गडद काळं आलं होतं, त्यावरचं नाव उलटं पण स्वच्छ. बाकी सगळी फिल्म काचेसारखी कोरी. माणसं नव्हती, आई नव्हती. पेटीच्या जागी धुरासारखं काहीतरी होतं. दोन्ही फोटोंत तेच.

"सेल?" बाबांनी विचारलं.

"नवीन होते."

"मग शटर असेल. नाहीतर मीच लेन्स चुकीची लावली." ते फिल्म दोरीला अडकवून हात धुवायला गेले. "म्हातारा झालो. दुसरं काय."

मी माळ्यावरून कागद काढला. चौथं पान. बर्फात किंवा पांढऱ्या वाळूवर, किंवा चौकटीत पुढे एखादी पांढरी चकचकीत वस्तू असेल तर. या वेळी मला ते अगदी व्यवस्थित समजलं. बाहेर बाबा माझ्या आईला सांगत होते की आपलं चुकलं. मी कागद घडी करून परत ठेवला आणि जेवायला गेले.

पुढचे चार दिवस बाबांनी काय केलं नाही! काळं-पांढरं जास्त उठवणारा कडक कागद वापरला, दहा सेकंदांपासून दोन मिनिटांपर्यंत उजेड देऊन पाहिला, डेव्हलपर कोमट केला. चेहऱ्याच्या जागी नुसते कण यायचे, रवा सांडल्यासारखे. मग निगेटिव्हवर पेन्सिलीने काम करायला बसले. भिंगातून बघत एक डोळ्याची रेघ काढली, ओठाची काढली, आणि पुसून टाकली.

"कुणाचाही होईल हा चेहरा," ते म्हणाले. "मी तिला नीट बघितलं नव्हतं. तू बघितलं होतंस?"

मी नाही म्हटलं.

रविवारी चर्चमधला मिस्सा आटोपून बाळाची आई आली, काळ्या कपड्यांत. तिच्याबरोबर काका होता. बाबांनी त्यातल्या त्यात बरी प्रिंट पुढे ठेवली. तिने ती हातात घेतली, जवळ नेली, लांब धरली.

"नाव आलंय," काका म्हणाला.

"तोंड कंय हाय?"

बाबांनी बोट ठेवून दाखवलं. ती त्या बोटाकडे बघत राहिली. "हिता तर काय न्हाय, मास्तर."

"माझी चूक झाली. मी तुझे पैसे..."

"पैशाचं कोण बोललं?" तिचा आवाज चढला नाही. "मीच बोलले ना, नको. तुमी सांगितलं होतं, आत ये. मीच बोलले, तिघांचा काढू." तिने प्रिंट पालथी करून टेबलावर ठेवली आणि निघून गेली. काकाने ती उचलून खिशात घातली. बोटीच्या ऑफिसात त्याने तीच पाठवली, हे नंतर कळलं.

मी तेव्हाही बोलले नाही. मी पडद्यामागे होते, कारंज्याच्या आणि जिन्याच्या मागे.

निगेटिव्ह बाबांनी टाकून दिली नव्हती. एका दुपारी ती, प्रिंटचा कागद ज्यात गुंडाळून येतो त्या काळ्या कागदावर पडली होती आणि खिडकीतून तिरका उजेड येत होता. मी तिथून जाताना थबकले. काळ्यावर धुरासारखं जे होतं ते पांढरट दिसत होतं, आणि त्यात एक कपाळ होतं. मिटलेल्या पापण्या होत्या. इतकी विरळ निगेटिव्ह काळ्यावर धरली की उलट होऊन सरळ दिसते, हे मी कुठे वाचलं नव्हतं. जरा हलवली की नुसती काच. बाबांना दाखवलं. त्यांनी तसं ठेवून त्याचा दुसरा फोटो काढायचा प्रयत्न केला. आला नाही. डोळ्यालाच काय ते दिसायचं, तेही एका कोनातून.

बाळाचा बाप दिवाळीनंतर घरी आला. दुसऱ्याच दिवशी स्टुडिओत आला. दाढी वाढलेली, दंडावर काळी फीत. तो बाबांशी भांडेल अशी मी तयारी केली होती. त्याने खिशातून प्रिंट काढून टेबलावर ठेवली. घड्या पडून झाकणावरच्या नावावर पांढरी रेघ उमटली होती.

"मास्तर, ही अशी का आली तेवडं सांगा. मी बोटीवर इतके दिवस ह्याचाच विचार करतोय."

बाबांनी तोंड उघडलं आणि मी पडद्याच्या बाहेर आले. मी म्हटलं, "झाकण पुढे होतं. पांढरं. त्याने डोळा फसला आणि उजेड तुटला. एमवर करायला हवं होतं. कागदात लिहिलं होतं. मी ते बाबांना वाचून दाखवलं नाही, कारण ते बर्फाबद्दल होतं. बाबांनी मला तिथे विचारलं तेव्हा मी मान हलवली." एवढं सलग मी घराबाहेरच्या कुणाशी कधी बोलले नव्हते.

त्याने प्रिंट उचलून पुन्हा पाहिली. मग म्हणाला, "बर्फात आमी लोक सगळे एमवरच करतो. बंदरात उतरून फोटो काडतात ना पोरं. आमचा कुक पण करतो, अडाणी माणूस." तो थांबला. "म्हणजे मी हितं असतो तर सांगितलं असतं."

बाबा खुर्चीतून म्हणाले, "मी पावलं मोजली होती. पाच होती पेटीपर्यंत, दोन झाकणापर्यंत. मला कळत होतं. तिने मान हलवली, पण बटण मी दाबलं." हे त्यांनी मला इतक्या महिन्यांत एकदाही सांगितलं नव्हतं. मीही त्यांना माझं सांगितलं नव्हतं. एकाच खोलीत बसून आम्ही रोज लोकांचे पासपोर्टचे फोटो कापत होतो.

मी निगेटिव्ह आणि काळा कागद आणला. खिडकीशी त्याच्या हातात दिला आणि त्याचा हात धरून तिरका केला. एरवी परक्या माणसाला मी हात लावला नसता.

"आता बघा."

त्याला आधी काही दिसेना. मग त्याची मान पुढे झुकली. "डोळे मिटलेत," तो म्हणाला.

"हो."

"नाक माझ्या आईसारखं हाय." मग त्याचा हात हलला. "गेली."

"पुन्हा तसंच धरा. थोडं खाली."

"हां. आली." तो उभाच राहिला. दोन गिऱ्हाइकं दारात येऊन परत गेली. बाबांनी मान खाली घातली होती. मधेच त्याने विचारलं, "रंग?" मी म्हटलं, "सावळी. तुमच्यासारखी." एवढं मला ठाऊक होतं.

त्याने निगेटिव्ह काळ्या कागदात गुंडाळली, आपल्या नोकरीच्या पुस्तकात ठेवली. फ्लॅश टेबलावर होता, त्याच्याकडे त्याने एकदा पाहिलं आणि पायऱ्या उतरला. गल्लीच्या मधोमध जाऊन थांबला. पुस्तक उघडलं, पुडी सोडली आणि निगेटिव्ह नुसतीच वर धरून बघायला लागला. दुपारचं ऊन होतं, चारी बाजूंनी उजेड होता. त्याने ती इकडे वळवली, तिकडे वळवली. तिथे त्याला काहीही दिसणं शक्य नव्हतं.

मी दारापर्यंत गेले. समोर पानवाला होता, पिठाच्या गिरणीपाशी बायका होत्या, सगळी ओळखीची माणसं.

"सावलीत!" मी मोठ्याने ओरडले. गल्ली वळून बघायला लागली. "कागदावर धरा! सावलीत उभे राहा!"

त्याने मागे पाहिलं नाही. पण तो गिरणीच्या छपराखाली सरकला आणि पुस्तकाच्या पानावर काळा कागद पसरायला लागला.